पलंगापाशी वाचणारा माणूस

१

गुरुवारी सकाळी सव्वानऊला त्या सहा मजली इमारतीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून सुटली आणि थेट तळाशी जाऊन आदळली. आत एकच बाई होती, इस्त्रीचे कपडे घरोघरी पोचवणारी. जीव वाचला, पण उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. तिला बाहेर काढलं तेव्हा दुसऱ्यांचे घडी केलेले सदरे तिने छातीशी घट्ट धरून ठेवले होते, असं बघणाऱ्यांनी सांगितलं.

तीनच दिवसांपूर्वी, सोमवारी, लिफ्ट तपासणी कार्यालयाने याच लिफ्टला दाखला दिला होता: ‘वापरास योग्य. दोर महिन्याभरात बदलावा.’

ती लिफ्ट तपासून आलेला तपासनीस दाखल्याची प्रत बघून पांढराफटक पडला. आपण कागदावर ‘लिफ्ट आजच बंद ठेवावी’ असं लिहून दिलं होतं, असं तो म्हणाला. हाताने लिहिलेला तो कागद शोधला, तर फाइलीत नव्हता. तपासनिसांचे कागद कॉम्प्युटरवर उतरवून काढायचं काम एका बाईंकडे होतं. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणत. ताईंनी फोनवरून सांगितलं की आधीच्या शुक्रवारी आपण घरून जसंच्या तसं उतरवलं होतं, ‘बंद ठेवावी’ असंच. आता कॉम्प्युटरात मात्र ‘वापरास योग्य’ होतं.

मग नेहमीप्रमाणे वायरकाकांना बोलावणं गेलं.

वायरकाका म्हणजे त्या भागातल्या दहा-बारा कार्यालयांचे कॉम्प्युटर सांभाळणारा एकटा माणूस. वय एकोणसाठ, गुडघे दुखरे, खांद्यावर कायम वायरींची पिशवी. त्यांचं खरं नाव बिलावर असायचं आणि बिल कोणी वाचत नसे. कुठेही काही बिघडलं की त्यांच्या मनात पहिला विचार एकच यायचा, आपलंच काहीतरी चुकलं असणार. चाळीस वर्षांत तो विचार बहुतेक वेळा खोटा ठरला होता, पण त्यामुळे तो यायचा थांबला नव्हता.

शुक्रवारी दुपारी त्यांनी ताईंचा कॉम्प्युटर उघडला. ताई बुधवार ते शुक्रवार घरून काम करत. घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचा हाच कॉम्प्युटर चालवायची सोय वायरकाकांनीच चार महिन्यांपूर्वी करून दिली होती. त्या सोयीची एक नोंदवही कॉम्प्युटर आपली आपण ठेवतो. कोण कधी जोडलं गेलं, कधी तुटलं.

वायरकाकांनी ती दोनदा वाचली. दाखला निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी ताईंच्या घरून जोडणी झाली होती. अकरा बत्तीसला दाखल्याची फाइल बदलली गेली. अकरा एकेचाळीसला जोडणी तुटली.

त्यांनी ते कार्यालयाच्या साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. मग अगदी हळू म्हणाले, “घरून?”

“हो. त्यांच्याच घरून.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर बघितलं. मग एखादं ओझं दुसऱ्याने उचलून घ्यावं तसा त्यांचा आवाज सैल झाला. म्हणाले, “हे मला लेखी हवंय, काका. तुमच्या सहीने. सोमवारी पाचच्या आत.”

ताईंना त्याच संध्याकाळी कामावरून थांबवण्यात आलं. कागद मिळाला की कायमचं काढणार, हे ऑफिसात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

२

सोमवारी सकाळी कागद लिहायला बसण्याऐवजी वायरकाका ताईंच्या घरी गेले. का गेलो, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लेखी द्यायचं तर त्या बाईच्या तोंडावर द्यावं, पाठीमागून नको, असं काहीसं त्यांना वाटत होतं.

तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बाहेरच्या खोलीत पलंग आणि पलंगावर ताईंचे वडील. छापखान्यात चौतीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते त्यांनी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डावा हात तेवढा थोडा हलायचा. पलंगाच्या पायथ्याशी टेबल आणि त्यावर लॅपटॉप. ताई काम करायच्या ते वडिलांकडे पाठ करून, पण कान मागे ठेवून.

हे टेबल वायरकाकांच्या ओळखीचं होतं. चार महिन्यांपूर्वी इथेच बसून त्यांनी सगळी जोडणी केली होती. ताई तेव्हा फार घाबरल्या होत्या. ते अंक, तो पासवर्ड, एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी वायरकाकाच म्हणाले होते, ही खिडकी बंदच करू नका. मध्येच तुटलं तरी ती आपली आपण पुन्हा जोडून घेईल. लॅपटॉप झोपी जाऊ नये, अशीही व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. ताईंचा जीव भांड्यात पडला होता आणि त्यांनी काकांना दोनदा चहा पाजला होता.

आज चहा झाला, पण एकदाच.

ताई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. आवाज पार दमलेला होता. त्या रविवारी सकाळी आपण वडिलांच्या औषधासाठी दवाखान्याच्या रांगेत होतो, असं त्यांनी सांगितलं. दहाला निघालो, पाऊण वाजता परत आलो. साक्षीला कोण, तर रांगेतली अनोळखी माणसं. घरात फक्त बाबा, आणि त्यांना पेला उचलून पाणी पिता येत नाही.

“साहेबांना सांगितलं हे?”

“सांगितलं. म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही.” ताईंनी वडिलांची चादर सारखी केली. “नोकरी जाईल त्याचं नाही हो एवढं. दुसरी मिळेल. पण घरून करू देणारी मिळेल का? यांना कोणाच्या भरवशावर ठेवू मी?”

उगाच काहीतरी करायचं म्हणून वायरकाकांनी मिटलेला लॅपटॉप जरा सरकवला. बाजूला माउस होता, पण त्यावर औषधांच्या पुड्या रचलेल्या होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, माउस त्यांना कधी जमलाच नाही. टंकलेखनाच्या शाळेत शिकलेल्या त्या, दहा बोटं कळांवर. बाण इकडेतिकडे फिरवत बसायला त्यांना कंटाळा येतो.

निघताना वायरकाकांनी वडिलांना नमस्कार केला. वडिलांचे डोळे मात्र लॅपटॉपवर खिळले होते. तोंड हललं, काहीतरी घोगरं बाहेर पडलं.

“काय म्हणतात?”

ताई ओशाळल्या. “भास होतात त्यांना. त्या रविवारपासून तेच चाललंय. पलंगापाशी कोणीतरी वाचत बसलं होतं म्हणतात.”

३

तपासनीस ऑफिसच्या जिन्यातच भेटला. लांबलचक माणूस, खिशात टॉर्च, बोटांना ग्रीस. चार दिवसांत त्याचे गाल आत गेले होते.

तो तडक बोलायला लागला. त्या दोराच्या तारा तुटून बाहेर आल्या होत्या, हाताला टोचत होत्या, आंधळ्यानेही ती लिफ्ट बंद ठेवली असती. त्या शुक्रवारी दुपारी त्याने कागद भरला, त्याचा फोटो ताईंना पाठवला आणि मूळ कागद साहेबांच्या फाइलीत लावला. तो फोटो ताईंकडे अजून असेल की, असं वायरकाकांनी विचारलं. नसतो, तो म्हणाला. उतरवून झालं की त्या पुसून टाकतात, नाहीतर त्यांचा जुना फोन अडून बसतो. आणि त्याच्या स्वतःच्या फोनचं तर त्याच संध्याकाळी लिफ्टच्या खड्ड्यात पडून भरीत झालं होतं.

वायरकाकांना हे ऐकून बरं वाटलं नाही. प्रत्येकाचा पुरावा असा नेमका हरवत चालला होता.

त्यांनी ऑफिसच्या किल्ल्यांचं विचारलं. किल्ल्या तीन, तो म्हणाला. एक साहेबांकडे, एक साफसफाईच्या मावशींकडे, आणि एक त्याच्याकडे, कारण कधी कधी ऑफिस सुटल्यावर सामान ठेवायला यावं लागतं.

“म्हणजे तुम्हीही रविवारी येऊ शकला असतात.”

“आलो असतो. पण कशाला?” तो थकून जिन्याच्या कठड्याला टेकला. “मला ती लिफ्ट पास करायची असती, तर शुक्रवारी कागदावरच ‘योग्य’ लिहिलं असतं की. माझंच अक्षर, माझीच सही. मला कोण विचारणार होतं?”

वायरकाकांनी सहज म्हणून हातातला एक छापील कागद त्याच्यापुढे केला, जोडणीच्या वेळांचा. तपासनिसाने तो एका नजरेत गिळला आणि परत दिला. मोठ्या इमारतींचे नकाशे उभ्या उभ्या वाचणारा माणूस, असाच वाचणार.

आत साहेब फोनवर होते. हातानेच त्यांनी काकांना बसायला सांगितलं.

“प्लास्टिकची खुर्ची नको,” ते फोनवर सांगत होते. “लाकडीच घ्या, हाताची. पट्टा कमरेला नाही, छातीखालून. आणि वळणावर पुढच्या दोघांनी उंच धरायचं, नाहीतर पुढे घसरते... हो, पाचला. मी येतो.” फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे चोळले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. “आणलात कागद?”

वायरकाकांनी कच्चा मजकूर पुढे ठेवला. सही अजून केली नव्हती. साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि वाचायला सुरुवात केली. टोपण एकेका शब्दाखालून सरकत चाललं, ओळ संपली की परत डावीकडे, मग पुढची ओळ. चार ओळींना त्यांनी चांगली दोन मिनिटं घेतली.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पण ‘जोडणी त्यांच्या घरून झाली होती’ याच्या पुढे ‘आणि बदल तिथूनच झाला’ असं घाला.”

“ते मला दिसलेलं नाही साहेब. मला फक्त वेळा दिसल्या.”

“दुसरा अर्थ काय होतो, काका? बंद ऑफिसात रविवारी कोण बसलं होतं?”

वायरकाका कागद घेऊन बाहेर आले. साहेबांचं म्हणणं बरोबरच होतं. ऑफिस बंद होतं. आणि ते बंद होतं म्हणूनच त्यांच्या मनात काहीतरी सलत राहिलं, पण काय ते सापडेना.

४

ते काय, हे मावशींनी सांगितलं. तेही न विचारता.

मावशी जिन्याखाली डबा खात बसल्या होत्या. त्यांनी काकांना एक घास घ्यायला लावला आणि ताईंची चौकशी केली. मग स्वतःचंच दुःख काढलं. या भानगडीत माझ्यावरही बोट येईल हो, त्या म्हणाल्या, किल्ली माझ्याकडे असते ना. पण मी त्या कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. तुम्हीच चिठ्ठी चिकटवलीत ना त्याच्यावर, ‘बंद करू नये’. चार महिन्यांत एकदाही बंद केला नाही.

“माहीत आहे मावशी. घरून काम करायचं तर इथला कॉम्प्युटर चालूच लागतो.”

“मी फक्त मेन स्विच पाडते.”

वायरकाका उठून उभे राहिले.

मावशींनी त्यांना नेऊन दाखवलं. दाराशेजारी पत्र्याची पेटी आणि तिच्यात लाल दांडीचा मेन स्विच. नऊ वर्षांपूर्वी रात्री पंखा जळून अर्धं ऑफिस काळं झालं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी निघताना मावशी दांडी खाली ओढतात आणि सकाळी वर करतात. एक दिवसही चुकलेलं नाही. चिठ्ठी लागल्यावरही चुकलं नाही, कारण चिठ्ठी कॉम्प्युटरवर होती, मेन स्विचवर नव्हती.

आणि हे चार महिने कोणालाच कळलं नव्हतं. वायरकाकांनी कॉम्प्युटरला असं सांगून ठेवलं होतं की वीज गेली तर आली की आपला आपण चालू हो. सकाळी मावशी दांडी वर करायच्या, कॉम्प्युटर जागा व्हायचा, घरी ताईंची खिडकी जोडली जायची. सगळं सुरळीत.

“मावशी, त्या शुक्रवारी पाडला होता?”

“पाडला म्हणजे? शुक्रवारी पाडते तो सोमवारीच वर करते.”

वायरकाका ताईंच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. घरच्या जोडणीची नोंदवही त्यांनी तीन दिवसांपूर्वी पाहिली होती. कॉम्प्युटर स्वतः कधी चालू झाला, कधी बंद पडला, याची नोंद दुसरीकडे असते. ती बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला सुचलं नव्हतं.

आता पाहिली. शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी बंद. नंतर शनिवार पूर्ण कोरा. आणि रविवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी चालू, अकरा एकेचाळीसला पुन्हा बंद.

घरून जोडणी झाली ती अकरा सातला. वीज नसलेला कॉम्प्युटर घरून कोणालाच चालू करता येत नाही. म्हणजे ताईंच्या घरची जोडणी होण्याच्या दोन मिनिटं आधी कोणीतरी या पेटीसमोर उभं राहून ती लाल दांडी हाताने वर केली होती.

५

“मावशी,” निघताना वायरकाका म्हणाले, “बरोबर दोन वाजता मेन पाडा. पाच मिनिटांनी वर करा. जेवणाची सुट्टी असते, कोणाचं अडणार नाही.”

“साहेब ओरडतील.”

“माझं नाव सांगा.”

रस्त्याने ते पाय ओढत चालले. ताईंची सोय तोडून टाका, असं साहेबांनी शुक्रवारीच सांगितलं होतं, पण ते करायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या आळसाचं बरं वाटलं.

ताईंनी दार उघडलं तेव्हा पावणेदोन झाले होते. वायरकाकांनी लॅपटॉप उघडला. ऑफिसचा पडदा आला. मग ते ताईंच्या खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेला, वडिलांशेजारी बसले. ताईंना काही कळेना, पण त्यांनी विचारलं नाही. गेल्या चार दिवसांत विचारण्याची ताकदही संपली होती बहुधा.

दोनला पडदा काळा झाला. मध्ये एक ओळ उमटली: जोडणी तुटली, पुन्हा जोडत आहे. एक छोटं चक्र फिरत राहिलं.

“हे असंच असतं रोज रात्री,” ताई म्हणाल्या. “मला वाटायचं, ऑफिसचं नेट बंद करतात.”

“आणि तुम्ही ही खिडकी तशीच ठेवता.”

“तुम्हीच सांगितलं होतं ना, बंद करू नका म्हणून.”

वायरकाकांनी मान खाली घातली. ते फिरतं चक्र शनिवारभर फिरलं असणार, रविवारी सकाळीही फिरत असणार. समोर पलंगावर एकटा माणूस पडून होता आणि त्याला बघायला दुसरं काही नव्हतं.

दोन वाजून सात मिनिटांनी चक्र थांबलं आणि पडदा उजळला. कोणी कशाला हात लावलेला नव्हता. ऑफिसचा कॉम्प्युटर जागा झाला होता, आणि घरच्या खिडकीने त्याला आपलं आपण धरलं होतं.

म्हाताऱ्याच्या छातीतून आवाज आला. डोळे मोठे झाले. डावा हात चादरीवरून उचलला गेला.

“अस्संच,” ते म्हणाले. या वेळी शब्द कळला.

ताई पुढे धावल्या. वायरकाकांनी त्यांना खुणेने थांबवलं आणि वाकून विचारलं, “बाबा, त्या दिवशी बाण हलत होता का? आपला आपण?”

डोळे मिटून उघडले, म्हणजे हो.

मग बाबा बोलायला लागले. एकेका शब्दाला मिनिट मिनिट लागत होतं आणि अर्धे शब्द ताईंनाच लावून घ्यावे लागत होते. जन्मभर खिळे जुळवलेला माणूस, दुसऱ्याचा मजकूर ओळीओळीने बघायची सवय असलेला. त्याने त्या सकाळी सगळं पाहिलं होतं. कागद उघडला. एक ओळ काढली. तिच्या जागी दोन घातल्या.

“कोणती ओळ काढली, बाबा?”

“आजच. बंद. ठेवावी.”

ताईंनी तोंडावर हात ठेवला. आठ दिवस हे माणूस सांगत होतं आणि आठ दिवस त्या ‘हो हो, झोपा आता’ म्हणत होत्या.

वायरकाकांना एवढंच पुरत नव्हतं. किल्ल्या तीन होत्या. त्यांनी विचारलं, “तुम्ही म्हणालात, कोणीतरी वाचत होतं. वाचत होतं हे कशावरून?”

म्हाताऱ्याने डाव्या हाताची तर्जनी चादरीवर टेकवली. चादरीवर निळे पट्टे होते. त्यातल्या एका पट्ट्याखालून बोट हळूहळू सरकत गेलं, जरा थांबत, जरा थांबत. कडेला पोचल्यावर ते परत डावीकडे आलं आणि पुढच्या पट्ट्याखालून चालू लागलं.

वायरकाका त्या बोटाकडे बघत राहिले. तसंच सरकत गेलेलं पेनचं टोपण त्यांनी त्याच सकाळी पाहिलं होतं.

६

चार वाजता ते साहेबांसमोर बसले. आयुष्यात कोणालाही त्यांनी तोंडावर खोटं पाडलं नव्हतं. त्यांनी नवीन कागद पुढे सरकवला.

“वाचून घ्या, साहेब.”

साहेबांनी टोपण काढलं. पहिल्या ओळीखालून ते चालू लागलं. कॉम्प्युटर रविवारी अकरा पाचला चालू झाला, तोही ऑफिसातला मेन स्विच वर केल्यामुळे. दुसऱ्या ओळीवर टोपण मंदावलं. तिसऱ्या ओळीत ताईंच्या वडिलांनी काय पाहिलं ते होतं. तिथे ते थांबलं.

वायरकाका हळू आवाजात बोलू लागले. जणू माफी मागत होते. ताई माउसला हात लावत नाहीत, आणि रविवारी बाण फिरत होता. तपासनिसाला लिफ्ट पास करायची तर शुक्रवारचा कागदच पुरला असता. मावशींना कॉम्प्युटर कुठून चालू करतात हेही माहीत नाही. पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर आहे, तो कोणालाही मिळेल. मूळ कागद तुमच्या फाइलीतून गेला.

“आणि शुक्रवारी मी ‘त्यांच्या घरून’ म्हटलं तेव्हा तुम्हाला धक्का बसला. मला वाटलं ताईंमुळे. पण इथे बसून आपण जे केलं ते त्यांच्या घरून झालं असं मशीन का म्हणतंय, तेच तुम्हाला कळत नव्हतं. नंतर वाटलं असेल, बरंच झालं.”

“पुरावा काय आहे?” साहेबांनी विचारलं. पण त्यात जोर नव्हता.

“ते बघा.” वायरकाकांनी त्यांच्या हाताकडे बोट केलं. “तुम्ही वाचता तसं या ऑफिसात दुसरं कोणी वाचत नाही.”

साहेबांनी आपल्या हातातल्या टोपणाकडे बघितलं. मग ते पेनला लावून टाकलं.

“लहानपणी अक्षरं उड्या मारायची माझ्या डोळ्यांसमोर,” ते म्हणाले. “आईने शिकवलं असं वाचायला. काडी घेऊन बसायची माझ्यापाशी.”

वायरकाकांना सकाळचा तो खुर्चीचा फोन आठवला. त्यांनी विचारलं, “त्या इमारतीत त्याच राहतात का?”

“सहाव्या मजल्यावर, माझ्या बहिणीकडे. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं.” साहेब आता काकांशी नाही, टेबलाशी बोलत होते. “लिफ्ट बंद म्हणजे महिनाभर तरी बंद. नवा दोर यायचा, बसायचा, पुन्हा तपासणी. मी म्हटलं, आणखी दोन आठवडे ओढेल तो दोर. तोवर मीच मागे लागून बदलून घेतो. मीही तपासनीस होतो एके काळी. मला वाटलं, मला कळतं.”

बाहेर कोणीतरी खुर्ची ओढली.

“त्या बाईचं काय?” वायरकाकांनी विचारलं. विचारणं भाग होतं.

“दवाखान्यात गेलो होतो. दाराबाहेरूनच परत आलो.”

“आणि ताईंच्या घरीही एक पलंग आहे, साहेब. तो तुम्हाला माहीत होता.”

साहेबांनी कोरा कागद ओढून घेतला आणि ते लिहायला लागले. वरिष्ठांना पत्र होतं. फाइल मी बदलली, मूळ कागद मी फाडला, अहवाल लिहिणाऱ्या बाईंचा आणि तपासनिसाचा यात काही संबंध नाही, बाईंना आजपासून पूर्वीप्रमाणे घरून काम करू द्यावं. लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने टोपण हातात घेतलं आणि आपलंच पत्र पहिल्या शब्दापासून वाचून काढलं, एकेका ओळीखालून. मग सही केली.

मावशींनी पत्र पाकिटात घालून टपालाच्या पिशवीत टाकलं. पाचला वीस मिनिटं कमी होती.

७

वायरकाकांनी जिन्यातूनच ताईंना फोन लावला. पत्रात काय लिहिलंय ते सांगितलं. मग ताई म्हणाल्या की बाबांना सांगते. काकांनी एवढंच बजावलं की आता रोज काम संपलं की ती खिडकी बंद करत जा. पासवर्ड अवघड वाटला तर मी येऊन मोठ्या अक्षरात लिहून देतो. ती चूक माझी होती.

“तुमची चूक नसती, तर बाबांना दिसलं कुठून असतं?” ताई म्हणाल्या.

काकांना हे असं सुचलं नव्हतं. ते पायरीवर टेकले. गुडघे ठणकत होते. घरी जाऊन पाठ टेकावी, एवढी एकच इच्छा उरली होती.

साहेब पिशवी घेऊन बाहेर आले. दोघांना एकमेकांकडे बघवेना. साहेब तीन पायऱ्या उतरले आणि थांबले. फोनवर कोणाशी तरी बोलले, मग नुसतेच उभे राहिले.

“काय झालं?” वायरकाकांनी विचारलं.

“पाचला आईला खाली आणायचंय. शेजारचा मुलगा येणार होता, त्याला जमत नाही. मी, भाऊजी आणि खालचा दुकानदार, तिघेच आहोत. चौथा नाही.” मग घाईने म्हणाले, “तुम्हाला सांगत नव्हतो. तुम्ही विचारलंत म्हणून.”

वायरकाकांनी पिशवी खांद्याला लावली. हे आपण का करतोय, हे याही वेळी त्यांना सांगता आलं नसतं.

त्या इमारतीत लिफ्टच्या दाराला साखळी घातलेली होती. जिन्याचे सहा मजले चढेपर्यंत काकांना तीनदा थांबावं लागलं. वर एक लाकडी खुर्ची तयार होती. तिच्यात पांढऱ्या केसांची, मुठीएवढ्या चेहऱ्याची एक म्हातारी, छातीखालून पट्टा बांधलेली. तिने नव्या माणसाकडे निरखून बघितलं.

“हे कोण रे?”

साहेबांनी तिचा पट्टा एकदा ओढून बघितला. “ऑफिसातले काका,” ते म्हणाले.

पुढे साहेब आणि वायरकाका, मागे भाऊजी आणि दुकानदार. एकदम उचलली. म्हातारीचं वजन काहीच नव्हतं, सगळं वजन खुर्चीचंच होतं. चौथ्या मजल्याच्या वळणावर साहेब पुटपुटले, “उंच धरा,” आणि दोघांनी आपापली बाजू छातीपर्यंत उचलली. वायरकाकांच्या गुडघ्यातून कळ गेली. त्यांनी दात आवळले.

“लिफ्ट कधी चालू होणार रे?” म्हातारीने विचारलं. “तुझ्याच खात्याकडे आहे ना ते?”

साहेबांचा श्वास काकांना कानापाशी ऐकू येत होता.

“दोर नवा बसला की होईल, आई,” वायरकाका म्हणाले. “घाई करून चालत नाही त्यात.”

“घाई नाहीच,” म्हातारी म्हणाली. “पडत नाही ना मी, तेवढं बघा.”

“नाही पडत,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुढची पायरी पायाने चाचपली.